घड्याळ काढलं कोणत्या हातानं? रेखाटनाच्या चाचण्या घेताना हाताची नोंद कशी करावी

विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर कोरा कागद ठेवायचा आणि घड्याळ काढायला सांगायचं, ही चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. तिला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. एवढ्याशा कामात मेंदूला सूचना समजून घ्यावी लागते, घड्याळ कसं दिसतं ते आठवावं लागतं, बारा आकड्यांना जागा वाटून द्यावी लागते, वेळेचं गणित करावं लागतं आणि शेवटी हे सगळं हाताकडून करून घ्यावं लागतं. फाईलमध्ये मात्र फक्त चित्र आणि गुण राहतात. चित्र कोणत्या हातानं काढलं, तो हात जन्मतः सरस होता की घरच्यांनी लावलेला, की पक्षाघातानंतर उरलेला, याची नोंद बहुतेक फाईलींत सापडत नाही. ही नोंद नसेल तर वाकडी रेघ मेंदूमुळे आली की हातामुळे, हे सहा महिन्यांनी कागद पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

हा लेख मानसशास्त्राचे विद्यार्थी, समुपदेशक, व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. आई-वडिलांना तपासणीला नेणाऱ्यांनीही तो वाचावा, कारण हाताबद्दलची खरी माहिती बहुधा घरच्यांकडेच असते.

कोणत्या चाचण्यांत हात मध्ये येतो

घड्याळाची चाचणी सुटी घेतात, तशीच ती मोठ्या चाचण्यांचा भागही असते. मिनी-कॉग या छोट्या स्मृतिचाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, मध्ये घड्याळ काढून घेतात आणि मग शब्द विचारतात. एकूण पाच गुणांपैकी तीनपेक्षा कमी मिळाले तर पुढची तपासणी हवी असं धरतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोका’ (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचणीत घड्याळाला तीन गुण आहेत: गोलाचा एक, आकड्यांचा एक, काट्यांचा एक. शिवाय घन उतरवून काढायचा असतो आणि आकडे व अक्षरं आलटून-पालटून रेघेनं जोडायची असतात. १९७५ पासून वापरात असलेल्या ‘एमएमएसई’ (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) या तशाच चाचणीत एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन उतरवायचे असतात. त्याच चाचणीत ‘कागद उजव्या हातात घ्या, मधोमध दुमडा आणि खाली ठेवा’ अशी एक आज्ञा आहे. उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला ही आज्ञा नीट समजलेली असते, पण हात उठत नाही आणि गुण जातो.

सविस्तर तपासणीत रे यांची गुंतागुंतीची आकृती येते. आंद्रे रे यांनी ती १९४१ मध्ये मांडली आणि पॉल ओस्टरिएथ यांनी १९४४ मध्ये तिची गुणपद्धत बसवली. तिचे अठरा घटक असतात आणि गुण ३६. आधी ती समोर बघून काढायची, मग काही वेळानं आठवून. चिन्हं आणि आकडे यांच्या जोड्या भराभर भरायच्या वेळबद्ध चाचण्याही याच गटात धरायला हव्यात, कारण तिथे हाताचा वेग थेट गुणांत उतरतो.

पहिली पायरी: हात विचारा, पण नीट विचारा

‘तुम्ही उजव्या हाताचे की डावखुरे?’ एवढा एकच प्रश्न आपल्याकडे पुरत नाही. जगात साधारण दर दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. आपल्या घरांत आणि शाळांत मात्र डाव्या हातानं खाणाऱ्या-लिहिणाऱ्या मुलाला पिढ्यान् पिढ्या टोकलं गेलं आहे. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी आजी-आजोबांचा डावा हात पाटीवर पडण्याआधीच मागे ओढला गेला. ते स्वतःला उजव्या हाताचेच समजतात आणि तसं सांगतात.

म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा. लहानपणी कोणता हात आपोआप पुढे यायचा? लिहायला कोणता हात शिकवला गेला? आणि आज, आजारपणानंतर, कोणता हात वापरता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी थोरल्या बहिणीकडून मिळतं, कधी ‘मास्तर पट्टी मारायचे’ अशा आठवणीतून मिळतं. घरात आणखी कुणी डावखुरं आहे का, तेही विचारून ठेवा.

नंतर कामांची यादी घ्या. जगभर वापरली जाणारी यादी ओल्डफील्ड यांची, १९७१ सालची, एडिंबरा यादी म्हणून ओळखली जाते. तिच्यात दहा कामं आहेत: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, झाडू धरताना वरचा हात, काडी ओढणं आणि डब्याचं झाकण उघडणं. प्रत्येक कामासाठी ज्या हाताची पसंती त्या रकान्यात एक खूण करायची. दुसरा हात सक्तीशिवाय कधीच वापरत नसेल तर दोन खुणा, आणि दोन्ही हात सारखेच चालत असतील तर दोन्ही रकान्यांत एकेक. शेवटी उजव्या खुणांतून डाव्या खुणा वजा करायच्या, उत्तराला एकूण खुणांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. उजव्या ११ आणि डाव्या ७ खुणा आल्या, तर ४ भागिले १८ गुणिले १००, म्हणजे साधारण अधिक २२. पूर्ण उजवा माणूस अधिक १०० वर असतो, पूर्ण डावखुरा उणे १०० वर. अधिक २२ आलेल्या माणसाला नुसतं ‘उजवा’ म्हणून मोकळं होऊ नका.

ही यादी आपल्याकडे वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. जेवणं, प्रसाद घेणं, पैसे देणं, आरतीचं ताट धरणं या कामांत हाताची निवड माणसाची नसते, रीतीची असते. त्यावरून कल कळत नाही. ज्या कामांकडे कुणी कधी लक्ष दिलं नाही, ती विचारा: सुईत दोरा ओवताना दोरा कोणत्या हातात? नारळ सोलताना कोयता कोणत्या हातात? हातोडी, कुलपाची किल्ली, बाटलीचं झाकण, झाडावरची चिंच पाडायला मारलेला दगड? कात्री मात्र जपून मोजा. बाजारातल्या बहुतेक कात्र्या उजव्या हातासाठी बनवलेल्या असतात आणि डावखुरेही त्या उजव्या हातानं वापरायला शिकतात. ही जादा कामं स्वतंत्र लिहा. मूळ दहा कामांच्या हिशेबात मिसळली तर तो आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडता येणार नाही.

कामागणिक हात बदलणं हा दोष नव्हे. सचिन तेंडुलकर उजव्या हातानं फलंदाजी करायचा आणि सही डाव्या हातानं करतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पसंती आणि कसब या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. शंका असेल तर दोन्ही हातांनी टेबलावर बोटानं टकटक करायला सांगा किंवा छोट्या गोलांत ठिपके भरायला सांगा. कोणता हात सफाईदार चालतो ते दिसतं.

दुसरी पायरी: टेबल मांडा

चाचणी बिघडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे नमुना हाताखाली झाकला जाणं. नमुन्याची आकृती डावीकडे आणि उतरवायची जागा उजवीकडे असेल, तर डाव्या हातानं काढणाऱ्याचा हात नेमका नमुन्यावर येतो. मग तो दर वेळी हात उचलून बघतो. वेळ वाढतो, रेघ तुटते, आणि आपण ‘सतत नमुन्याकडे बघावं लागतं’ अशी नोंद करून मोकळे होतो. चिन्हं-आकडे भरण्याच्या चाचणीत हा त्रास सर्वांत जास्त असतो, कारण जोड्यांची किल्ली त्याच पानावर छापलेली असते. उपाय सोपा आहे: किल्लीची दुसरी प्रत त्याच्या उजव्या बाजूला ठेवायची. नमुना वेगळ्या कागदावर असेल तर तो वरच्या अंगाला, समोर ठेवा. ज्या चाचणीच्या पुस्तिकेत जागा ठरवून दिली आहे तिथे तीच पाळा आणि अडचण झाली असेल तर तसं लिहा.

कागद किती तिरका ठेवायचा ते त्या माणसावर सोडा. डावखुरे बहुधा कागदाचा वरचा भाग उजवीकडे झुकवतात, उजवे डावीकडे. रे यांच्या आकृतीत मात्र नमुन्याचा कागद फिरवू देऊ नका. आपला कागद त्यांनी फिरवला तर नोंद करा. उजव्या बाजूला लिहिण्याची फळी जोडलेल्या खुर्च्यांवर डावखुऱ्याला बसवू नका, कारण त्याचं कोपर हवेत राहतं. तुम्ही स्वतः लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला बसा, म्हणजे रेघ उमटताना दिसेल.

बाकीची तयारी सगळ्यांसाठी सारखीच: चष्मा, लागत असल्यास श्रवणयंत्र, पुरेसा उजेड, बिनरेघांचा कागद. भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटावरची घड्याळं (तुमचंही) नजरेआड करा.

तिसरी पायरी: सूचना द्या आणि थांबा

पेन्सिल कागदाच्या मधोमध, टोक समोरच्या दिशेनं ठेवा. हातात देऊ नका. तुम्ही ती उजव्या हातात दिलीत तर सवयीनं तो उजव्या हातानंच काढेल. कोणता हात आपण होऊन पुढे येतो ते बघा.

सूचना एका दमात आणि प्रत्येकाला त्याच शब्दांत द्या: ‘मोठा गोल काढून घड्याळ काढा. त्यात सगळे आकडे लिहा. अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत असे काटे दाखवा.’ तुमच्या चाचणीची अधिकृत मराठी प्रत असेल तर तिच्यातलेच शब्द वापरा. ‘मोठा काटा दोनवर येईल ना?’ अशी मदत करू नका. सोपं जावं म्हणून सव्वा अकरा किंवा साडेअकराही करू नका. अकरा वाजून दहा ही वेळ विचारपूर्वक निवडलेली आहे: एक काटा डाव्या अर्ध्यात येतो, दुसरा उजव्या, आणि ‘दहा’ ऐकल्यावर दहाच्या आकड्याकडे जाणारं मन आवरावं लागतं. आकडे देवनागरीत लिहायचे की इंग्रजीत, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग गप्प बसा. हे शिकायला वेळ लागतो. नातेवाईक शेजारी असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

चौथी पायरी: चित्र होताना बघा

पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा ते होत असताना जास्त कळतं. पेन्सिल कोणत्या हातात घेतली, मध्ये हात बदलला का, दुसऱ्या हातानं कागद धरला का, आधी बारा-सहा-तीन-नऊ मांडून घेतले की एकापासून सरळ सुटले, कुठे अडखळले, चूक स्वतः ओळखली का, हे सगळं क्रमानं लिहा. रे यांच्या आकृतीत ठरावीक टप्प्यांवर वेगळ्या रंगाची पेन्सिल देण्याची पद्धत याचसाठी आहे. कोणता भाग आधी काढला ते नंतरही दिसतं.

रेघेच्या दिशेबद्दल मात्र सावध राहा. उजव्या हाताची माणसं आडवी रेघ बहुधा डावीकडून उजवीकडे ओढतात आणि गोल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं काढतात. डावखुऱ्यांत आडवी रेघ उजवीकडून डावीकडे येणं आणि गोल काट्यांच्या दिशेनं फिरणं जास्त आढळतं. चेहरा काढायला सांगितला तर उजवे तो बहुधा डावीकडे बघणारा काढतात. लिपीच्या सवयीचाही यात वाटा असतो. आपण शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढायला शिकलेलो असतो. डावखुऱ्या आजोबांनी गोल उलटा फिरवला म्हणून काही बिघडलं असं समजायचं कारण नाही.

पाचवी पायरी: कागद वाचताना दोन ढीग करा

माझ्या मते सगळ्या कौशल्याचा कस इथे लागतो. चित्रातला प्रत्येक दोष समोर धरून विचारा: हा दोष हातामुळे येऊ शकतो का?

थरथरती रेघ, न जुळलेली टोकं, किंचित चपटा गोल, लहान-मोठे आकडे, फरफटलेली पेन्सिल, जास्त लागलेला वेळ हे सगळं हातामुळे येऊ शकतं. सरस नसलेल्या हातानं काढताना तर यायलाच हवं. बहुतेक गुणपद्धतींत लहानसहान वाकडेपणाला गुण कापत नाहीत, पण कागद बघताना नजर तिकडेच जाते आणि गुण देताना आपला हात आखडता होतो.

आकडे गळणं, बारानंतर तेरा-चौदा लिहीत जाणं, सगळे आकडे एकाच अर्ध्या भागात दाटणं, काटे दहा आणि अकरावर रोखणं, काटे मुळीच नसणं, वेळ अक्षरात लिहून ठेवणं, तोच आकडा पुन्हा पुन्हा गिरवणं: यातलं काहीही हात बदलल्यामुळे होत नाही. हा ढीग मेंदूच्या कामाचा.

तरी पडताळा घ्या. त्याच हातानं नाव लिहून घ्या, एक सरळ रेघ आणि एक साधा गोल काढून घ्या. साधा गोलही तितकाच थरथरत असेल तर घड्याळाच्या थरथरीला अर्थ देऊ नका. मग तुम्ही काढलेलं घड्याळ समोर ठेवून उतरवायला सांगा. सांगून काढलेलं बिघडलं आणि बघून काढलेलं जमलं, तर अडचण आठवण्यात किंवा आखणीत असावी. दोन्ही सारखीच बिघडली तर जागेची जाण आणि हात या दोन्हींकडे बघायला हवं.

रेघेचा मध्य दाखवायच्या चाचणीतही हात लिहून ठेवा. निरोगी माणसंही मध्याची खूण किंचित डावीकडे करतात आणि डावा हात वापरला तर आणखी थोडी डावीकडे. डाव्या बाजूचं भान हरपलेला रुग्ण मात्र ठळकपणे उजवीकडे सरकतो.

पक्षाघातानंतर

मेंदूच्या डाव्या अर्ध्याला इजा होऊन उजवा हात गेला, तर उजव्या हाताच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातानं चित्र काढावं लागतं. शिवाय भाषेची केंद्रं बहुधा त्याच बाजूला असल्यानं सूचना कळण्यातही अडथळा असू शकतो. अशा वेळी तोंडी सूचनेवरचं चित्र आणि बघून काढलेलं चित्र ही दोन्ही घ्याच. डाव्या हातानं लिहिताना आकडे आरशातल्यासारखे उलटे उमटले तर घाबरू नका आणि कुणाला घाबरवूही नका. अशा रुग्णांत ते दिसतं. वेळबद्ध चाचणीचे नेहमीचे तक्ते इथे लावू नका. त्याऐवजी हात न लागणारे प्रश्न विचारा: घड्याळ दाखवून वेळ विचारा, चार घड्याळांतून अकरा वाजून दहाचं ओळखायला सांगा.

उजव्या अर्ध्याला इजा झालेल्या उजव्या हाताच्या रुग्णाचा लिहिता हात शाबूत असतो. त्यानं सगळे आकडे उजवीकडे कोंबले तर तिथे हाताची सबब चालत नाही.

डावखुऱ्यांत ही मांडणी गृहीत धरू नका. २००० साली क्नेख्त आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांत भाषा कोणत्या अर्ध्यात आहे ते मोजलं. पक्क्या उजव्यांत ४ टक्के आणि पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के लोकांची भाषा उजव्या अर्ध्यात निघाली. म्हणजे बहुसंख्य डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच असते, पण अपवाद पुष्कळ. हात सक्तीनं बदललेल्यांत तर आणखी गुंता असतो: लिहिण्याचं काम उजव्या हाताकडे गेल्यावरही उजव्या अर्ध्यातला सहभाग वर्षानुवर्षं टिकतो, असं मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत दिसलं आहे. लहानपणचा हात विचारायचा तो यासाठी.

ज्यांच्या हातात पेन्सिल आलीच नाही

शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला घन उतरवायला सांगून शून्य देणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे रोज होतो. कागदावर त्रिमितीय आकृती काढणं हे शाळेत शिकवलं जाणारं काम आहे. ‘मोका’मध्ये शिक्षण कमी असल्यास एक गुण वाढवून देतात, पण अजिबात न शिकलेल्यांना तो पुरत नाही. त्यांच्यासाठी निरक्षरांचा विचार करून बांधलेल्या चाचण्या वापरा आणि रोजच्या कामांची माहिती घरच्यांकडून घ्या.

हीच आजी कदाचित पन्नास वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढत आली असेल. ती आता ठिपके चुकवते का, ओळी जुळत नाहीत का, ओळखीची रांगोळी अर्ध्यात सोडून देते का, हे सुनेला किंवा लेकीला विचारा. याला गुण देता येत नाहीत, कारण इतक्या सरावाचं काम बराच काळ टिकून राहू शकतं. पण बदल कधीपासून झाला ते यातून कळतं, आणि रांगोळीची चिमूट कोणत्या हातात असते तेही.

हात कापत असेल तर

कंपाची शंका असेल तर दोन्ही हातांनी, मनगट न टेकवता, आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी सर्पिल रेघ काढून घ्या आणि प्रत्येकीखाली हात लिहा. पार्किन्सनची सुरुवात बहुधा एका बाजूनं होते, म्हणून दोन्ही हातांतला फरक मोलाचा. त्या आजारात लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं. पण तो सरस नसलेल्या हाताच्या बाजूला सुरू झाला तर अक्षर बराच काळ चांगलं राहू शकतं आणि निदान लांबतं.

अहवालात काय लिहाल

चित्राच्या मागे लगेच लिहा: तारीख, वापरलेला हात, पेन्सिल आपण होऊन कोणत्या हातात घेतली, लागलेला वेळ. अहवालात असा मजकूर पुरतो: ‘जन्मतः डावा कल, लेखन उजव्या हातानं शिकवलेलं, यादीचा गुणांक अधिक २२. घड्याळ उजव्या हातानं काढलं. रेघ थरथरती, साधा गोलही तसाच. आकडे पूर्ण आणि योग्य जागी. काटे दहा व अकरावर. बघून उतरवताना बरोबर.’ पुढचा डॉक्टर यावरून दोन मिनिटांत मुद्द्यावर येतो.

घरच्यांसाठी

तपासणीच्या आधी घरी घड्याळ काढण्याचा सराव करून घेऊ नका. सरावानं चित्र सुधारतं, आजार तिथेच राहतो, आणि खरी चाचणी निकामी होते. एका बिघडलेल्या चित्रावरून निदानही होत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेची औषधं यांमुळेही चित्र बिघडतं, आणि त्यांवर उपचार आहेत. हात किंवा बोलणं अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत बिघडलं, तर चाचणीच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध देता येतं ते साधारण पहिल्या साडेचार तासांत.

जाताना जुनं हस्ताक्षर घेऊन जा: पाच-दहा वर्षांपूर्वीची पत्रं, हिशेबाची वही, धनादेशावरच्या सह्या. लहानपणी हात बदलला होता का ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आधीच विचारून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं तर मागच्या वेळी कोणता हात वापरला होता ते डॉक्टरांना सांगा, आणि या वेळीही त्याच हातानं चित्र काढून घ्यायला सांगा.